पाकिटावरचा निळा मासा आणि बाजारातला पापलेट

वाचकांचे प्रश्न

नागपूरपासून दोन्हीकडचा समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी मासोळीवर आलेल्या पत्रांचा गठ्ठा या वेळी मोठा आहे. बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. आपल्या ताटात येणारी मासोळी समुद्र किंवा तलाव ओरबाडून आलेली नाही, हे ओळखायचे कशावरून? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: मॉलमध्ये टूनाच्या एका डब्यावर निळे, माशाच्या आकाराचे चिन्ह दिसले. शेजारच्या डब्यापेक्षा तो बराच महाग होता. हे चिन्ह नेमके काय सांगते? जादा पैसे देण्यात अर्थ आहे का? (धरमपेठेतील वाचक)

उत्तर: निळ्या लंबगोलात पांढरा मासा, आणि तो मासा ‘बरोबर’च्या खुणेसारखा वळलेला, असे ते चिन्ह असेल तर ते मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे, म्हणजे एमएससीचे आहे. युनिलिव्हर ही कंपनी आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंस्था यांनी मिळून 1997 मध्ये ही संस्था उभी केली. 1999 पासून ती स्वतंत्र आहे. हे चिन्ह फक्त समुद्रातून किंवा नैसर्गिक पाण्यातून पकडलेल्या मासळीवर येते, पाळलेल्या मासळीवर नाही.

चिन्ह देण्याआधी तीन गोष्टी तपासतात. त्या भागात त्या जातीचा साठा पुढे वाढत राहील इतका शिल्लक आहे का? जाळ्यात सोबत येणारे कासव, डॉल्फिन, पक्षी आणि समुद्राचा तळ यांचे नुकसान किती होते? आणि मासेमारीवर नियम घालून ते पाळून घेणारी यंत्रणा खरोखर आहे का? या तिन्हींखाली मिळून 28 निकष आहेत. प्रत्येक निकषाला 100 पैकी किमान 60 गुण लागतात आणि तिन्ही गटांत वेगवेगळी सरासरी किमान 80 असावी लागते. एखाद्या निकषात 60 ते 80 च्या मध्ये गुण पडले तर प्रमाणपत्र मिळते, पण ठरलेल्या मुदतीत सुधारणा करण्याची अट लागते. प्रमाणपत्र 5 वर्षांचे असते आणि मध्ये दरवर्षी तपासणी होते. तपासणारी संस्था वेगळी असते, एमएससी स्वतः गुण देत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा. चिन्ह म्हणजे ‘सगळे निर्दोष’ असा दाखला नाही. ‘किमान पातळीच्या वर आहे आणि उरलेल्या दोषांवर काम चालू आहे’ एवढेच ते सांगते. आमच्या मते तेही थोडे नाही.

दुसरी बाब साखळीची. बोटीवरून कारखाना, तिथून आयातदार, तिथून पॅकिंग करणारा, अशा ज्या ज्या हातांतून माल जातो त्या प्रत्येकाकडे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. चिन्हाजवळ बारीक अक्षरात ‘एमएससी-सी’ आणि पुढे पाच आकडे असा क्रमांक असतो. तो नसेल तर चिन्हावर विश्वास ठेवू नका.

पैशांबद्दल बोलायचे तर डबा उलटा करून जात आणि पकडण्याची पद्धत वाचा. जात ‘स्किपजॅक’ आणि पद्धत ‘पोल अँड लाइन’ असेल तर जादा पैसे वाजवी समजा. काठी, दोरी आणि गळ, एका गळाला एक मासा, त्यामुळे नको असलेला जीव त्यात फारसा सापडत नाही. मालदीवच्या या मासेमारीला 2012 मध्ये एमएससी प्रमाणपत्र मिळाले. लक्षद्वीपचे मच्छीमारही पिढ्यानपिढ्या असाच टूना धरतात. काही डब्यांवर पकडल्याच्या क्षेत्राचा आकडाही असतो: 51 म्हणजे हिंदी महासागराचा पश्चिम भाग, 57 म्हणजे पूर्व भाग.

‘डॉल्फिन सेफ’ हे चिन्ह मात्र वेगळे आहे. पूर्व प्रशांत महासागरात टूनाचे थवे डॉल्फिनच्या खाली पोहतात, म्हणून डॉल्फिन दिसले की भोवती जाळे टाकत आणि हजारोंनी डॉल्फिन मरत. त्यावरून अमेरिकेत 1990 मध्ये या चिन्हाचा कायदा झाला. टूना किती उरला आहे याबद्दल हे चिन्ह काहीही सांगत नाही.

प्रश्न: गोठवलेल्या मासळीच्या पाकिटावर हिरवे पान आणि ‘निसर्गस्नेही’, ‘जबाबदार मासेमारी’ असे शब्द असतात. हेही प्रमाणपत्रच का? (मनीषनगर)

उत्तर: नाही. पान, लाट, निळा-हिरवा रंग यांना कोणाची परवानगी लागत नाही. विचारायचे तीनच प्रश्न: प्रमाण देणारी संस्था कोणती, क्रमांक कोणता, आणि त्या संस्थेच्या यादीत तो क्रमांक सापडतो का. एकाचेही उत्तर नसेल तर तो छापील मजकूर जाहिरात समजावा.

चौकोनातला तपकिरी त्रिकोण पर्यावरणाशी संबंधित नाही. ती मांसाहारी पदार्थाची सक्तीची खूण आहे. एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक हा व्यवसायाचा परवाना आहे. दोन्ही असलेच पाहिजेत, पण मासा कसा पकडला हे त्यांतून कळत नाही.

प्रश्न: परदेशी माशांवर प्रमाणपत्र दिसते. आपल्या बांगड्यावर, पापलेटवर, बोंबलावर का नाही? आपले कोळी निसर्गाची काळजी घेत नाहीत का? (प्रतापनगर)

उत्तर: प्रश्नातला शेवटचा भाग मनाला लागला, म्हणून आधी त्याचे उत्तर. काळजी आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न घालण्याची रीत कुठल्याही चिन्हापेक्षा जुनी आहे.

भारतातही प्रमाणपत्र मिळालेले आहे. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीतल्या तिसऱ्यांना (शिंपल्यांना) नोव्हेंबर 2014 मध्ये एमएससीचे प्रमाणपत्र मिळाले. देशातले ते पहिले. त्यामागची हकिकत उपयोगी आहे. निर्यात वाढली तसा उपसा वाढला, 1991 मध्ये उत्पादन 10,000 टनांपर्यंत गेले आणि दोनच वर्षांत निम्म्यावर घसरले. मग डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंद ठेवणे, जाळ्याचा आस (जाळ्यातले भोक) मोठा करणे, बारीक तिसऱ्या निर्यातीला न घेणे असे नियम मच्छीमारांनीच पाळले आणि साठा सावरला. प्रमाणपत्र वीस वर्षांनी आले. शिस्त आधीची होती.

मग बांगड्याला का नाही? एक कारण खर्चाचे आहे. तपासणीचा खर्च मासेमारी करणाऱ्या संस्थेने सोसायचा असतो आणि चार-पाच माणसांच्या होड्या चालवणाऱ्या सोसायटीला तो झेपत नाही. त्याहून मोठे कारण आपल्या समुद्राच्या स्वभावात आहे. उत्तरेकडच्या थंड समुद्रात एका जाळ्यात बहुधा एकाच जातीचा मासा भरतो. कॉड म्हटले की कॉड. आपल्याकडे ट्रॉलरच्या एका खेपेत कोलंबी, राणी मासा, मांदेली, ढोमा, माकूळ, खेकडे, लहान मुशी (शार्क) असे कितीतरी प्रकार एकत्र वर येतात. एका जातीचा साठा मोजून प्रमाणपत्र देण्याची रीत या मिश्र जाळ्याला नीट बसत नाही. प्रत्येक जातीची वेगळी आकडेवारी हवी आणि ती लहान बंदरांत रोज लिहून ठेवणारे हात कमी आहेत.

चिन्ह नाही म्हणजे सगळी मासोळी संपत आली, असा अर्थ काढू नका. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2022 साठी देशातल्या 135 साठ्यांची तपासणी केली, त्यांतले 91.1 टक्के निरोगी आढळले. जगाचे चित्र याहून काळजीचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2021 मध्ये 62.3 टक्के सागरी साठेच टिकाऊ पातळीच्या आत होते. पण ‘देशात निरोगी’ म्हणजे ‘महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पापलेट भरपूर’ असे होत नाही. ती सरासरी आहे. त्यामुळे जात आणि जागा बघूनच निर्णय घ्यावा लागतो.

प्रश्न: बाजारात लहान पापलेट मोठ्याच्या निम्म्या भावात मिळतात. तळायला तेच बरे पडतात. पण ते घेऊ नयेत असे ऐकले. किती लहान म्हणजे लहान? (मंगळवारी बाजार परिसर)

उत्तर: या अंकातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. परदेशी चिन्हाची वाट न बघता ग्राहकाच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे माशाची लांबी.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये चंदेरी पापलेटला राज्य मासा जाहीर केले आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. चंदेरी पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर आहे. त्याहून लहान पापलेट पकडणे आणि विकणे नियमाविरुद्ध आहे.

खिशात पट्टी ठेवायची गरज नाही. निळसर रंगाची, मागे हंपीचा रथ असलेली 50 रुपयांची नवी नोट बरोबर 135 मिलिमीटर लांब असते. नोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि माशाच्या तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत धरा. शेपटीच्या टोकापर्यंत मोजू नका, कारण पापलेटच्या शेपटीचे पाते लांब असते आणि ते धरले की पिल्लूही मोठे दिसते. खाचेपर्यंत मोजून नोटेपेक्षा लांब भरला तर शंका राहत नाही.

135 मिलिमीटर ही मात्र खालची सीमा आहे. तेवढ्या लांबीच्या प्रत्येक पापलेटने अंडी घातलेली असतातच असे नाही. आमचा आग्रह असा की शक्य असेल तर वीतभर लांबीचा घ्या. तीन पिल्लांऐवजी एक मोठा मासा घेतला तर काट्यात आणि डोक्यात जाणारे वजनही कमी होते, म्हणजे ‘निम्मा भाव’ वाटतो तितका निम्मा राहत नाही.

पिल्ले येतात कुठून हेही समजून घ्या. ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला बहुधा शंकरपाळ्यासारखा आस असतो. जाळे ओढताना ताण बसला की तो मिटतो आणि कागदावर आस कितीही मोठा असला तरी पिल्लू आतच अडकते. चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो, म्हणून मत्स्य तंत्रज्ञान संस्था पिशवीला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस लावायला सांगतात. जो लावत नाही त्याची पिल्ले खपतात तोवर तो लावणारही नाही. गिऱ्हाइकाने ‘हे लहान आहे, नको’ म्हणण्याचा परिणाम थेट या पिशवीपर्यंत पोहोचतो, फक्त एकट्याने नाही तर दहाजणांनी म्हणायला हवे. विक्रेत्याशी भांडू नका. तो घाऊक बाजारातून पेटीच्या पेटी घेतो, आत काय निघेल ते त्याच्या हातात नसते. ‘पुढच्या वेळी मोठे आणा, मी घेईन’ एवढे सांगितलेले पुरते.

मुशीबाबत तर आम्ही स्पष्टच सांगू: बाळंतिणीला दूध यावे म्हणून पिल्लू-मुशी शोधून आणण्याची चाल थांबवावी. मुशी वयात उशिरा येते आणि तिला पिल्ले मोजकीच होतात. पापलेटसारखी हजारोंनी अंडी ती घालत नाही.

प्रश्न: जून-जुलैत मासेमारी बंद असते म्हणतात, तरी नागपुरात ताजी समुद्री मासोळी मिळते. ती चोरून पकडलेली असते का? (सदर)

उत्तर: सगळी नाही. बंदी दोन किनाऱ्यांवर वेगवेगळ्या तारखांना असते. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आंध्र, ओडिशा, बंगाल, तामिळनाडूकडे, 15 एप्रिल ते 14 जून. पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे महाराष्ट्रासह, 1 जून ते 31 जुलै. दोन्हीकडे 61 दिवस, आणि ही बंदी यंत्रबोटींना आहे, वल्ह्याच्या पारंपरिक होड्यांना नाही.

नागपूर मध्यावर असल्याने आपल्याकडे दोन्ही बाजूंचा माल येतो. मे महिन्यात मुंबई-रत्नागिरीकडचा मासा वैध, विशाखापट्टणमच्या ट्रॉलरचा नाही. जुलैत बरोबर उलट. 1 ते 14 जून या पंधरवड्यात दोन्ही किनारे बंद असतात. त्या दिवसांत ‘आजच उतरलेला ताजा पापलेट’ कोणी ढिगाने विकत असेल तर तो शीतगृहातला असण्याचीच शक्यता जास्त. गोठवलेला घेण्यात गैर काही नाही, फक्त भाव ताज्याचा देऊ नका. विक्रेत्याला ‘कोणत्या बंदराचा?’ असे विचारायची सवय लावून घ्या. उत्तर आणि तारीख जुळते का ते मनात ताडून बघा.

प्रश्न: गोठवलेल्या कोलंबीच्या पाकिटावर एएससी, बीएपी, चार तारे असे काय काय असते. आणि वितळवल्यावर अर्धे पाणीच निघते, ते का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: एएससी, म्हणजे ॲक्वाकल्चर स्टुअर्डशिप कौन्सिलचे, हे हिरवे चिन्ह पाळलेल्या मासळीसाठी आहे. ही संस्था 2010 मध्ये स्थापन झाली. खारफुटी तोडून तळी केली का, सांडपाणी कुठे जाते, प्रतिजैविके वापरली का, मजुरांना कसे वागवतात हे ती पाहते. बीएपी हेही पाळलेल्या मासळीचेच प्रमाणपत्र. त्याचे तारे ही गुणवत्तेची श्रेणी नसून साखळीचा हिशेब आहे. प्रक्रिया कारखाना, शेततळे, बीजकेंद्र आणि खाद्याचा कारखाना यांतल्या किती पायऱ्या तपासल्या तितके तारे. एक तारा म्हणजे निकृष्ट कोलंबी नव्हे.

आपल्याकडची बहुतेक पाकीटबंद कोलंबी व्हॅनामी जातीची, तळ्यात वाढवलेली असते. 2009 मध्ये या जातीला परवानगी मिळाली. समुद्रातल्या कोलंबीपुढे वेगळा पेच आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात कासवे गुदमरतात आणि कासव-सुटका चौकट न लावल्यामुळे अमेरिकेने 2018 पासून भारताची समुद्रात पकडलेली कोलंबी घेणे बंद केले. ही चौकट म्हणजे जाळ्याच्या गळ्यात तिरकी बसवलेली गजांची जाळी. गजांमधले अंतर जास्तीत जास्त 10 सेंटिमीटर, त्यातून कोलंबी मागे जाते, आणि कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. थोडी कोलंबीही निसटते म्हणून बोटवाले ती लावायला नाखूश असतात.

आता पाण्याचे. गोठवलेल्या कोलंबीवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवतात, नाहीतर ती फ्रीजरमध्ये वाळून पांढरी पडते. थर असावा, पण त्याचे वजन कोलंबीच्या भावाने घेणे चूक. घरी तपासा. फ्रीजरमधून काढल्याबरोबर कोलंबी चाळणीत घ्या, थंड पाण्याच्या बारीक धारेखाली वरचा काचेसारखा थर जाईपर्यंतच धरा, आतला बर्फ वितळू देऊ नका. चाळणी तिरकी करून 2 मिनिटे निथळा आणि वजन करा. ‘निव्वळ वजन 500 ग्रॅम’ छापले असेल आणि काट्यावर 420 भरले तर 80 ग्रॅम बर्फाचे पैसे तुम्ही दिलेत. पाकिटाचा आणि काट्याचा फोटो घेऊन वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. थर काढल्यावर वजन बरोबर भरले पण शिजताना पाणी सुटून कोलंबी आक्रसली, तर ती पाणी धरून ठेवणाऱ्या फॉस्फेटमध्ये बुडवलेली असू शकते. घटकांच्या यादीत ते शोधा.

प्रश्न: चिन्ह असलेला मासा ताजा आणि फॉर्मेलिनमुक्त असतो, असे समजायचे का? (वर्धमाननगर)

उत्तर: नाही. पर्यावरणाचे चिन्ह ताजेपणाची हमी देत नाही.

बर्फाच्या 0 अंशाला मासा जितका सावकाश खराब होतो त्याच्या सव्वादोन पट वेगाने 5 अंशाला आणि चौपट वेगाने 10 अंशाला होतो, असा ठोकताळा आहे. नागपूरच्या मे महिन्यात बाजार ते घर हा अर्धा तासही महाग पडतो. एक किलो मासोळीला एक किलो ठेचलेला बर्फ, थर्माकोलचा डबा, आणि खाली पाणी निथळायला जागा. बांगडा, टूना, सुरमई यांच्याबाबत तर हयगय नकोच, कारण उबेत त्यांच्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारे द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही.

फॉर्मेलिन म्हणजे मासा टिकवायला चोरून वापरले जाणारे फॉर्माल्डिहाइडचे द्रावण. ते ओळखण्यासाठी केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीचा संच तयार केला आहे. पट्टी माशावर घासायची, द्रावणाचा थेंब टाकायचा, रंग तक्त्याशी ताडायचा. काही मिनिटांत निकाल कळतो. बोंबलात मात्र फॉर्माल्डिहाइड नैसर्गिकपणेच तयार होते, त्यामुळे बोंबलावर पट्टीचा रंग बदलला म्हणून लगेच विक्रेत्याला दोष देऊ नका.

प्रश्न: समुद्राचा मासा नको, आपल्या भागातलाच घ्यायचा असे ठरवले तर ते खरेच निसर्गाला बरे का? घरात काट्यांमुळे आणि चिखलाच्या वासामुळे रोहू कोणी खात नाही. (हुडकेश्वर)

उत्तर: बहुतेक वेळा हो, आणि या प्रश्नाने आनंद झाला.

रोहू, कतला, मृगळ हे मासे तळ्यात वाढवायला मासळीची भुकटी घालावी लागत नाही. कतला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. वर भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड दिली की झाले. एका किलो सामन माशासाठी समुद्रातून लहान मासोळी उपसावी लागते, तसे इथे नाही. बीज केंद्रातले असल्याने नदीतल्या साठ्यावरही भार येत नाही. म्हणूनच पाळलेल्या रोहूची गाभोळी पावसाळ्यात खाल्ली तरी बिघडत नाही. नदीतून चढणीला लागलेली, अंड्यांनी भरलेली मादी मात्र घेऊ नये.

नागपूरच्या बाजारातला बराचसा रोहू-कतला आंध्रातून बर्फात येतो. सगळे नग एकसारखे, किलो-दीड किलोचे, क्रेटमध्ये रचलेले. तो वाईट नाही, पण कोल्लेरू सरोवरासारख्या ठिकाणी पाणथळ जागा बांध घालून तळी करण्यापायी गेली. 2006 मध्ये तिथली बेकायदा तळी सरकारला फोडावी लागली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे माजी मालगुजारी तलाव, आपले मामा तलाव, यांची मासोळी वेगळी दिसते. एकाच टोपलीत लहान-मोठे नग, रोहूसोबत एखादी मरळ, शिंगी, थोडे झिंगे. ढिवर समाजाच्या सहकारी संस्था या तलावांत बोटुकली सोडतात आणि काही ठिकाणी बेशरमची झुडपे काढून पाणवनस्पती पुन्हा लावल्या जात आहेत, कारण देशी मासे त्या वनस्पतींच्या आडोशाला अंडी घालतात. विक्रेत्याला विचारा: ‘गाडीची की तलावाची? कोणत्या तलावाची?’ तलावाची असेल तर दहा-वीस रुपये जास्त द्या. परदेशी चिन्हाला दिलेल्या जादा पैशांपेक्षा हे पैसे मच्छीमाराच्या हाती जास्त थेट पडतात असे आमचे ठाम मत आहे.

दोन पथ्ये. थाई मागूर घेऊ नका. देशात त्याच्या पालनावर 2000 पासून बंदी आहे. तो देशी मासे खातो आणि कत्तलखान्याच्या घाणीवर वाढवला जातो. टबात जिवंत, किलोहून मोठा मागूर दिसला तर संशय घ्या, देशी मागूर सहसा एवढा होत नाही. चिलापी (तिलापिया) मात्र बिनधास्त खा. ती बाहेरून आलेली आणि तलावात बेसुमार वाढणारी आहे, म्हणून ती संपण्याची चिंता नाही.

काट्यांसाठी: रोहू-कतला दीड-दोन किलोचा घ्या, लहान घेऊ नका. मोठ्या माशाचे बारीक काटे जाड होतात आणि बोटाला लागतात. मुलांना पोटाकडचे तुकडे द्या, शेपटीकडे दुहेरी काटे जास्त. चिखलाचा वास पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून येणाऱ्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो आणि ते आंबटाने मोडते. एक किलो तुकड्यांना दोन मोठे चमचे चिंचेचा कोळ किंवा दोन लिंबांचा रस, एक चमचा मीठ, 20 मिनिटे. मग धुऊन हळद-मीठ. कातडीखालची गडद पट्टी आणि पोटातली काळी त्वचा काढून टाकली तर वास आणखी कमी होतो. सावजी रश्श्यात घालायचा असेल तर तुकडे आधी हलके तळून घ्या, नाहीतर ढवळताना मोडतात आणि मोकळे झालेले काटे रश्श्यात फिरतात.

प्रश्न: आमची खानावळ आहे. मेनूवर ‘पर्यावरणपूरक मासे’ असे लिहिता येईल का? (सक्करदरा)

उत्तर: एमएससी किंवा एएससीचे चिन्ह परवान्याशिवाय छापू नका. प्रमाणित मासा विकत घेतला तरी तुमच्या स्वयंपाकघराचे साखळी प्रमाणपत्र लागते. त्याऐवजी खरे तेच लिहा: ‘आजचा रोहू, अमुक तलाव’, ‘पापलेट फक्त वीतभर किंवा मोठे’, ‘1 ते 14 जून ताजा समुद्री मासा नाही’. मागे एक वही ठेवा: तारीख, जात, वजन, कोणाकडून, कोणत्या बंदराचा वा तलावाचा, बिल क्रमांक. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा वही दाखवा. ‘पर्यावरणपूरक’ हा मोघम शब्द टाळलेलाच बरा.

प्रश्न: नागपूरकर ग्राहक पर्यावरण-चिन्हासाठी किती जादा पैसे देतील, यावर मला पदव्युत्तर प्रबंध करायचा आहे. प्रश्नावलीत 50 जणांना विचारले, जवळजवळ सगळेच ‘हो, देऊ’ म्हणाले. हे खरे मानायचे का? (विद्यार्थिनी, तेलंगखेडी)

उत्तर: मानू नका. समोर विचारणारा असला की माणूस चांगले उत्तर देतो आणि तोंडी आकड्याने खिसा हलका होत नाही. प्रत्यक्ष खरेदीच्या नोंदी वेगळे सांगतात. लंडन परिसरातल्या दुकानांत गोठवलेल्या अलास्का पोलॉक या माशाच्या विक्री-नोंदींवरचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एमएससी चिन्हामुळे भाव सुमारे 14 टक्क्यांनी जास्त मिळत होता. पण तिथे चिन्ह वर्षानुवर्षे शेल्फवर होते. नागपुरात ते ओळखणारेच मोजके, म्हणून ‘चिन्हासाठी किती द्याल’ हा प्रश्नच हवेत राहतो.

निवड-पत्रांची रीत वापरा. प्रत्येक पत्रावर दोन मासे आणि तिसरा पर्याय ‘यातले काहीच नको’. हा तिसरा पर्याय विसरलात तर निकाल फुगतो. गुण पाचांहून जास्त नकोत: भाव (चार पातळ्या, बाजारभावाच्या आसपास), ताजा की गोठवलेला, कुठला (तलाव, पूर्व किनारा, पश्चिम किनारा), आकार, आणि चिन्ह आहे की नाही. एका माणसाला 8 पत्रे पुरे. बाराव्या पत्रानंतर लोक कंटाळून कुठलेही बोट ठेवतात. चिन्हाचा अर्थ अर्ध्या लोकांना आधी दोन वाक्यांत समजवा, अर्ध्यांना समजवू नका, म्हणजे माहितीचा परिणाम वेगळा मोजता येईल. हिशेब सोपा आहे. गुणांक म्हणजे तो गुण निवडीला किती ओढतो हे सांगणारा, विश्लेषणातून येणारा आकडा. चिन्हाचा गुणांक भागिले भावाचा गुणांक, आणि उत्तरातले उणे काढून टाका. उदाहरणार्थ चिन्हाचा 0.6 आणि भावाचा उणे 0.004 आला तर किलोमागे 150 रुपये. हा आकडा बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त आला तर आनंदून जाऊ नका, पत्रे पुन्हा तपासा.

जागा आणि वेळही मोजून निवडा. मॉलमध्ये, भोईपुऱ्यात आणि मोहल्ल्यातल्या टोपलीवाल्यांकडे वेगवेगळी माणसे भेटतील, तिन्हीकडे जा. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी सर्वेक्षण घेऊ नका, त्या दिवशी भेटणारे ग्राहक नेहमीचे नसतात. आणि ‘किती द्याल’ विचारण्याआधी ‘गेल्या वेळी कोणती मासोळी, किती, काय भावाने घेतली’ हे लिहून घ्या. आकार हा गुण मुद्दाम ठेवा. आमचा अंदाज असा की नागपुरात चिन्हापेक्षा ‘कुठल्या तलावाची’ आणि ‘केवढी’ यांनाच लोक जास्त किंमत देतील. तसे निघाले किंवा उलट निघाले, तरी निकाल आम्हाला जरूर पाठवा.